खंडेनवमीचे पाने आणि ब्रँडनच्या घरची बंदूक

प्रिय ओजस,

खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडताना तू विचारलंस, "बाबा, आपण शस्त्रांची पूजा करतो, मग आपल्या घरी बंदूक का नाही? ब्रँडनकडे तीन आहेत." मी "नंतर सांगतो" म्हणालो आणि तुझा चेहरा उतरला. मी टाळत नव्हतो रे. घाईत काहीतरी सांगून मोकळं व्हावं असा तो प्रश्न नव्हता. म्हणून लिहितोय. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

आधी आजोबांचं. ते इचलकरंजीत पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करून देणारे. एरवी त्या शेडमध्ये खटखटाटापुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. खंडेनवमीला सगळं शांत. आजोबा पाने, पक्कड, हातोडी रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवायचे आणि मग चिंधीनं एकेक पुसायचे. वर्षभराचं काळं तेल आणि त्यात चिकटलेले सुताचे पुंजके निघायचे. ओळीनं मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं. घरी आजी विळी आणि अडकित्ता पाटावर ठेवायची. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही, म्हणून भाजीसुद्धा आदल्या रात्री चिरलेली असायची. आजोबांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक मागानं नेलं होतं. त्याच हातानं ते मागाला हार घालायचे. मी लहानपणापासून पाहिलेली शस्त्रपूजा ही अशी. जे आपल्याला पोसतं आणि इजाही करू शकतं, त्याला वर्षातून एकदा तरी नीट बघायचं.

ज्यांच्या घरी तलवार आहे ते तलवार पूजतात, आणि दसऱ्याला पोलीस आणि लष्करातले जवान बंदुकाही पूजतात. तेव्हा बंदूक आपल्याला वर्ज्य आहे असं समजू नकोस. पण शमीची गोष्ट आठव. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं शमीवर बांधली, वर प्रेत टांगलं, कारण कुणी तिकडे फिरकू नये. वर्षभर अर्जुनासारख्यानंही गांडीवाला हात लावला नाही.

आता इथलं. अमेरिकेच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ची. तिच्या एकाच वाक्यात सुनियंत्रित नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही. दोनशे वर्षांहून जास्त काळ भांडण याच वाक्यावर आहे. हक्क सेनेसाठी की एकेका माणसासाठी? २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की एकेका माणसासाठी, स्वतःच्या घरात स्वसंरक्षणासाठीसुद्धा. पण हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात लिहिलं आहे.

ब्रँडनचे बाबा म्हणतात की नि:शस्त्र जनतेवर सरकार वाट्टेल ते लादू शकतं. हे मी हसण्यावारी नेत नाही, तूही नेऊ नकोस. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला. भारतीयाला परवान्याशिवाय हत्यार ठेवायला बंदी आणि युरोपियनांना सूट. आपल्या लोकांना तो अपमान फार लागला होता. आणि तरी स्वतंत्र भारतानं १९५९ साली स्वतःचा कायदा केला तेव्हा परवाना ठेवलाच. फरक इतका की युरोपियनांची ती सूट गेली.

मला स्वतःला ती परवान्याची अट योग्य वाटते. आपल्या टेक्सासमध्ये २०२१पासून एकवीस वर्षांवरचा बहुतेक कुणीही परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून फिरू शकतो. दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागते, पण एका माणसानं दुसऱ्याला खासगीत विकली तर इथे ती तपासणी सक्तीची नाही. हे मला पटत नाही.

उवाल्डे गाव आपल्या घरापासून दीड तासाच्या आत आहे. २४ मे २०२२ला तिथल्या शाळेतल्या गोळीबारात एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मारणारा अठरा वर्षांचा होता, वाढदिवस झाल्या झाल्या त्यानं दोन रायफली कायदेशीर विकत घेतल्या होत्या. पोलीस तासाहून जास्त वेळ वर्गाबाहेर थांबले. ती मुलं चौथीच्या वर्गातली होती. तूही तेव्हा चौथीत होतास. दुसऱ्या दिवशी तुला शाळेत सोडून मी अर्धा तास गाडीतच बसून राहिलो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. महिन्याभरानं, २३ जूनला, सर्वोच्च न्यायालयानं शस्त्र बाळगण्याचा हक्क घराबाहेरही आहे असा निकाल दिला. दोनच दिवसांनी नव्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली आणि एकविसाच्या आतल्या गिऱ्हाइकांची तपासणी कडक झाली. एकाच आठवड्यात देश दोन्ही दिशांना गेला.

आणि आपल्या घरी का नाही, तर त्याचं कारण चोर नाहीत हे नव्हे. २०२१ साली या देशात बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हातानं. मन खचलेल्या माणसाला एक रात्र निघून जायला हवी असते. घरात बंदूक असली की ती रात्र मिळत नाही. तू, मी, आई, कुणावरही तशी रात्र येऊ शकते.

आता तुझी दुसरी तक्रार. मी ब्रँडनच्या बाबांना फोन करून "बंदुका कुलपात असतात का?" विचारलं, तेव्हा तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मलाही झालं होतं. लोकांच्या घरात काय आहे ते विचारू नये, याच भिडेत आपण वाढतो. पण तुझ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की मूल कुणाकडे राहायला जाणार असेल तर हे विचारा. नंबर लावण्याआधी मी वाक्य कागदावर लिहून काढलं होतं. ते जराही रागावले नाहीत. हरणाच्या शिकारीच्या दोन रायफली आणि एक पिस्तूल, तिन्ही तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे?" मी नाही म्हणालो आणि खंडेनवमीचं सांगितलं. ते म्हणाले, हंगाम संपला की ते आणि ब्रँडन टेबलावर जुनी चादर पसरून रायफली उघडतात, पुसतात, तेल देतात.

मला आजोबांचा रॉकेलचा डबा आठवला.

शुक्रवारी तू जा त्यांच्याकडे राहायला. पुढच्या खंडेनवमीला ब्रँडनला बोलाव, आजोबांचे पाने दाखव. तेव्हा पुसायचं काम तुम्हा दोघांचं.

तुझा,
बाबा