रुपया घसरला की संसदेत अर्थमंत्र्यांनाच का धरतात, रिझर्व्ह बँकेला का नाही?

कारण रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर संसदेचा सदस्य नसतो. सभागृहात उत्तर मंत्रीच देणार. गव्हर्नरला जास्तीत जास्त अर्थविषयक स्थायी समिती बोलावू शकते. तिथे दारं बंद असतात, टीव्ही नसतो.

पण खरी गोम वेगळी आहे. रिझर्व्ह बँक कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीने बँकेला लक्ष्य दिलं ते महागाईचं: 4 टक्के, 2 इकडे-तिकडे. सलग तीन तिमाही ते चुकलं तर बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची. 2022 मध्ये अशी वेळ आली, पत्र गेलं, पण ते जाहीर झालं नाही. रुपया अमुक भावाला ठेवा, असं कलम मात्र कुठेच नाही. बँक डॉलर विकून पडझड हळू करते, एवढंच. 1966 मध्ये सरकारनेच डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर नेला, तेव्हा बोट दाखवायला माणूस होता. 1993 पासून भाव बाजार ठरवतो. त्यामुळे विरोधक ‘रुपया पडला’ म्हणतात, सरकार ‘डॉलर चढला’ म्हणतं, आणि दोघंही अर्धं खरं बोलतात.

आमच्या नागपुरात विधानभवन आणि रिझर्व्ह बँक अगदी जवळजवळ आहेत. हिवाळी अधिवेशनात काही मोर्चेवाले रुपयावरही घोषणा देतात. देऊ द्या, पण चलन हा केंद्राचा विषय, आमदार त्यात काय करणार? इतवारीतल्या तेलाच्या दुकानात मात्र हिशोब सरळ आहे: खायचं तेल निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, डॉलर चढला की तेलाचा डबा महागतो.