लिटलफील्ड आणि बीव्हर डॅम: ॲरिझोनात असूनही ॲरिझोनापासून तुटलेली गावे

लास व्हेगसहून युटातील झायन राष्ट्रीय उद्यानाला जाताना नेवाडा आणि युटा यांच्यामध्ये अर्धा तास ॲरिझोना कुठून आले आणि त्या वाळवंटात खरोखर कोणी राहते का, असे आपण विचारले आहे. भारतातून पाहुणे आले की आमची या रस्त्यावरची फेरी ठरलेलीच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण पार केलात तो इंटरस्टेट १५ या महामार्गाचा जेमतेम ४७ किलोमीटरचा तुकडा. तिथे वस्ती आहे. व्हर्जिन नदी आणि तिला मिळणारा, एरवी बहुतेक कोरडा असणारा ओढा यांच्या आसपास बीव्हर डॅम आणि लिटलफील्ड ही दोन लहान गावे आहेत. ती मोहावी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मोडतात आणि काउंटीचे मुख्यालय किंगमन येथे आहे. परंतु मध्ये ग्रँड कॅन्यन आडवा पडलेला असल्यामुळे आणि पूर्वेकडील नवाहो पुलापासून पश्चिमेकडील हूवर धरणापर्यंत कोलोरॅडो नदीवर मोटारीसाठी एकही पूल नसल्यामुळे, जमिनीच्या एखाद्या कामासाठी मुख्यालय गाठायचे तर आधी नेवाडात शिरून, लास व्हेगसला वळसा घालून, हूवर धरणाजवळ पुन्हा ॲरिझोनात उतरावे लागते. एका बाजूचे हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते.

सीमा आखणाऱ्यांनी नदी पाहिलीच नाही, असे माझे मत आहे. युटाची दक्षिण हद्द ३७ अंश उत्तर अक्षांशावर ठरली, तर नेवाडाची पूर्व हद्द १८६६च्या कायद्याने राजधानी वॉशिंग्टनपासून मोजलेल्या ३७व्या रेखांशावर सरकवली गेली. या दोन सरळ रेघांच्या कोपऱ्यात, कॅन्यनच्या उत्तरेला, जे उरले ते ॲरिझोनाचे. ही ‘ॲरिझोना स्ट्रिप’ आपल्याकडे मिळावी म्हणून युटाने अनेकदा खटपट केली, पण ती साधली नाही. १९७३मध्ये व्हर्जिन नदीच्या घळीतून महामार्ग खुला झाला खरा, मात्र त्यानेही गावे जोडली ती युटातील सेंट जॉर्ज आणि नेवाडातील मेस्क्वीट या परराज्यांतील शहरांना.

घड्याळाची गंमत तर पाहण्यासारखी आहे. ॲरिझोनाच्या या भागात घड्याळे वर्षभर बदलत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात गावाची वेळ नेवाडाशी जुळते आणि हिवाळ्यात युटाशी. जानेवारीत बीव्हर डॅमहून सकाळी आठला कामावर निघालेला माणूस पंधरा-वीस मिनिटांत मेस्क्वीटला पोहोचतो, तेव्हा तिथे अजून सव्वासातच वाजलेले असतात.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. कोरड्या ओढ्याला लागून घर बांधणे किती धोक्याचे असते, हे डिसेंबर २०१०च्या पुरात दिसले. काठ खचत गेले आणि काही घरे उभीच्या उभी पाण्यात कोसळली.

पुढच्या वेळी शक्य झाल्यास तिथे महामार्ग सोडून जोशुआ वृक्षांमधला जुना रस्ता अवश्य पाहावा. मात्र उन्हाळ्यात झायनमधील वेळ या गावांच्या एक तास पुढे असते, हे ध्यानात ठेवूनच थांबावे. आमच्या पाहुण्यांची एकदा शेवटची बस अशीच चुकली आहे.