स्वीडनचं 'कूण' आणि आपलं 'जिरणं'

प्रश्न : मुलगी शिकायला स्वीडनला आहे. तिनं मक्याचं म्हणून आणलेलं 'कोर्नम्योल' वेगळंच पीठ निघालं. हा 'कोर्न' म्हणजे नेमकं कोणतं धान्य? आपल्या 'कण'शी त्याचं नातं आहे का?
– एक वाचक, जत (जि. सांगली)

उत्तर : ते पीठ जवाचं. स्वीडिशमध्ये 'कोर्न' म्हणजे जव. मक्याचं हवं असेल तर पाकिटावर 'माइसम्योल' लिहिलेलं बघायला सांगा. डेन्मार्क-नॉर्वेत मात्र 'कोर्न' म्हणजे एकूण धान्य, जवाला तिथं 'ब्यूग' म्हणतात. जिथं जे पीक मुख्य, तिथं धान्याचं नाव त्यालाच चिकटतं. जर्मनीत ते राय या धान्याला चिकटलं, इंग्लंडात गव्हाला, अमेरिकेत मक्याला. आपलं स्वीट कॉर्न तिथलंच. भंडारा-गोंदियात 'धान' म्हटलं की भातच, तसं.

लिहितात 'कोर्न', पण स्वीडनच्या बऱ्याच भागात र आणि न मिळून चक्क आपला ण होतो : 'कूण'. आइसलँडमध्ये मध्येच ट येतो, 'कोर्ट्न'.

'कण'शी मात्र नातं नाही. कानाला सारखं वाटलं की नातं जोडायचं, इथंच गल्लत होते. संस्कृत-मराठी आणि स्वीडिश, जर्मन, इंग्रजी या भाषा एकाच इंडो-युरोपियन कुळातल्या, पण आपल्या क-समोर तिकडच्या त्या भाषांत ह येतो : संस्कृत 'कद्' म्हणजे काय, स्वीडिशची पूर्वज असलेल्या जुन्या नॉर्समध्ये 'ह्वात'. त्यांचा क मूळच्या ग-पासून आलेला. लॅटिनमध्ये तो ग टिकला, 'ग्रानुम' म्हणजे दाणा. या शब्दातला ग तालव्य, म्हणजे टाळूला जीभ लावून उच्चारलेला होता, संस्कृतात त्याचा ज झाला. म्हणून 'कोर्न'चा भाऊबंद ज-मध्ये शोधायचा, आणि तो सापडतो : 'जीर्ण'.

दाणा आणि जीर्ण यांचा काय संबंध? मूळ धातूचा अर्थ वय होणं, पिकणं. मराठी माणसाला हे समजावून सांगायलाच नको. आपल्याकडे शाळूही पिकतो आणि केसही पिकतात. त्याच धातूची 'जरा' म्हणजे म्हातारपण, आणि 'जिरणं'. माण-खटावच्या भिंतींवरच्या 'पाणी अडवा, पाणी जिरवा'मधलं 'जिरवा' आणि स्वीडनच्या पाकिटावरचं 'कोर्न' एका मुळाचे आहेत.

आपल्या 'जव'चा, म्हणजे संस्कृत 'यव'चा, सोयरा मात्र फिनलंडमध्ये भेटतो. फिनिश भाषा या इंडो-युरोपियन कुळातली नाही, तरी तिथं दाण्याला 'युव्हॅ' म्हणतात. हा शब्द फार प्राचीन काळी आपल्याच भाषाकुळातून उसना गेला, असं अभ्यासक मानतात.