डिस्टोपिया: दुःस्वप्न नव्हे, दुःस्थान

प्रश्न असा आहे: "आमच्या वाचनगटात सध्या जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' चालू आहे. 'डिस्टोपिया'ला, म्हणजे कल्पनेतल्या भयाण समाजाला, मराठीत काय म्हणायचं यावरून गेल्या बैठकीत बरीच खडाजंगी झाली. मी 'दुःस्वप्न' सुचवलं. चालेल का? आणि त्यातल्या सर्वसत्ताधीश 'बिग ब्रदर'ला थोरला भाऊ म्हणायचं की आणखी काही?"

ताई, चालणार नाही. कारण सांगतो, पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या.

हल्ली लोकल रखडली की डिस्टोपियन, सोसायटीच्या सेक्रेटरीनं पार्किंगची नोटीस लावली की डिस्टोपियन. परवा एका लग्नात बुफेच्या रांगेत माझ्या पुढचे गृहस्थ जिलेबी संपल्याचं पाहून हाच शब्द बोलले. मी ताट घेऊन दुसऱ्या रांगेत गेलो. अहो, गैरसोयीला मराठीत 'गैरसोय' हा शब्द आहे! कादंबरीचं पहिलंच पान उघडा. नायक विन्स्टन राहतो त्या इमारतीच्या जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास आहे, लिफ्ट बंद आहे, दिवसा वीज तोडलेली आहे, आणि पायाच्या घोट्यावर जखम घेऊन तो सात मजले चढतोय. इथवर आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या इमारतीची गोष्ट झाली. मग तो दार उघडतो आणि आत टेलिस्क्रीन, म्हणजे घरातल्या माणसावर सरकारची नजर ठेवणारा पडदा, चालू असतो. लिफ्टला वीज नाही, त्याला आहे. आवाज कमी करता येतो, पूर्ण बंद करता येत नाही. डिस्टोपियन म्हणायचं ते या टेलिस्क्रीनला. लिफ्टला नव्हे.

आता 'दुःस्वप्न'. स्वप्नातून माणूस जागा होतो, ही अडचण तुमच्या गटातही कुणी तरी काढली असेलच. माझी हरकत वेगळी आहे. या कादंबरीतली स्वप्नं बघा की! एका स्वप्नात जुनं कुरण, एल्मची झाडं आणि संथ ओढा आहे. विन्स्टन त्याला मनातल्या मनात 'सोनेरी प्रदेश' म्हणतो. दुसऱ्या स्वप्नात अंधाऱ्या खोलीत एक आवाज सांगतो की जिथे अंधार नाही अशा ठिकाणी आपली भेट होईल. आपल्या कानाला ते थेट 'तमसो मा ज्योतिर्गमय' वाटतं. पुढे कळतं, की ते ठिकाण म्हणजे प्रेम मंत्रालयाची, नाव प्रेमाचं आणि काम छळाचं अशा सरकारी खात्याची, बिनखिडकीची कोठडी, जिथले दिवे कधी मालवतच नाहीत. म्हणजे स्वप्न चांगलं आणि जागा वाईट. (श्लेष हवा असेल तर घ्या, मराठीनं फुकट दिलाय.)

तर शब्द जागेचा आहे. ग्रीक 'टोपोस' म्हणजे जागा. इंग्रज लेखक टॉमस मोरनं १५१६ साली एका आदर्श बेटावरच्या पुस्तकासाठी 'युटोपिया' घडवला तो 'ऊ' म्हणजे 'नाही' हे जोडून: कुठेच नसलेली जागा, अस्थान. त्याच पुस्तकाच्या आरंभी सहा ओळींची एक कविता आहे, तिच्यात ते बेट स्वतःच म्हणतं की मला खरं तर 'एउटोपिया' म्हणायला हवं, म्हणजे सुस्थान. मराठीत हे दोन्ही शब्द आधीपासून वापरात आहेत. नको तिथे केलेला विनोद 'अस्थानी' असतो आणि चांगल्या घरी पडलेली मुलगी 'सुस्थळी' पडते. त्या न्यायानं डिस्टोपिया म्हणजे 'दुःस्थळ' व्हायला हरकत नव्हती, पण 'स्थळ' म्हटलं की आपल्याला पत्रिका, पगार आणि पुण्यात स्वतःचा फ्लॅट आठवतो. म्हणून 'दुःस्थान'.

यातला 'दुः' मी पदरचा घातलेला नाही. 'डिस्टोपिया'तला 'डिस्' हा मुळात ग्रीक 'दुस्', आणि तो आपल्या 'दुर्जन', 'दुष्काळ'मधल्या 'दुस्'चा सख्खा भाऊ. इंग्रजीनं त्या उकाराचा 'डिस्' केला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं हा शब्द घडवला असं जे छातीठोकपणे सांगतात त्यांना माझं एवढंच सांगणं, की मिल ब्रिटिश संसदेत बोलला तो १८६८ साली, आणि १७४७च्या एका इंग्रजी कवितेत 'डस्टोपिया' आहे. चांगला उकारासकट! मिलचा टोला झकास होता, यात वाद नाही. आयर्लंडवरच्या चर्चेत तो म्हणाला की या धोरणवाल्यांना युटोपियन म्हणणं म्हणजे त्यांची स्तुती झाली. युटोपियन गोष्ट प्रत्यक्षात येणार नाही इतकी चांगली असते, यांची प्रत्यक्षात येणार नाही इतकी वाईट आहे, म्हणून हे डिस्टोपियन. पण टोला मारला म्हणजे शब्दाचं बारसं केलं असं होत नाही.

'टोपोस' आणि 'स्थान' यांचं मात्र काही नातं नाही, उगाच जुळवू नका. 'टोपोस'वरून 'टोपी' आली असं मला एकानं गंभीरपणे ऐकवलं होतं. मी चहा संपवून उठलो.

आता गंमत ऐका. 'दुःस्थान' हा शब्द नवा नाहीच. कुठल्याही ज्योतिष्याला विचारा. कुंडलीतलं सहावं, आठवं आणि बारावं ही दुःस्थानं. सहाव्यात शत्रू, रोग आणि ऋण; आठव्यात मृत्यू; बाराव्यात व्यय आणि बंधन. आता ऑर्वेल उघडा. रोज दोन मिनिटं ज्याच्या नावानं किंचाळायचं तो राजवटीचा शत्रू गोल्डस्टीन सहाव्यात, एका रात्रीत 'कधी नव्हताच' होणारा माणूस आठव्यात, प्रेम मंत्रालय बाराव्यात. माझा ज्योतिषावर काडीचा विश्वास नाही. शब्दावर आहे. आणि जे विद्वान 'विपरीत आदर्शलोक' वगैरे सुचवतात त्यांनी आपला शब्द एकदा मोठ्यानं म्हणून बघावा. मराठी माणसाला 'आदर्शलोक' ऐकू येतं तेव्हा फेटे बांधलेले सत्कारमूर्ती डोळ्यांपुढे येतात, जागा येत नाही.

इथून पुढे मी थोडा वाहवत जाणार आहे. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात 'दुःख' काढून बघा. वैयाकरण 'दुः' अधिक 'ख' अशी फोड करतात हे नोंदवून तो म्हणतो, की हे बहुधा 'दुःस्थ'चं प्राकृत वळणाचं रूप असावं. दुःस्थ, म्हणजे वाईट स्थितीत असलेला. म्हणजे आपण रोज वापरतो तो 'दुःख' हा शब्दच मुळात 'वाईट ठिकाणी उभं असणं' आहे! आपली प्रवचनकार मंडळी मात्र सुखदुःखाचा अर्थ चाकाच्या भोकावरून सांगतात: 'ख' म्हणजे आसाचं भोक, ते नीट बसलं तर सुख. दृष्टान्त सोपा आहे, श्रोते माना डोलावतात. ऋग्वेदात 'सुख' फक्त रथाला लावलेलं आहे, हे त्यांच्या बाजूनं जातं, मान्य. 'स्थ'चा प्राकृतात 'ख' कसा होईल, असंही ते विचारतात. सहसा होत नाही, 'त्थ' किंवा 'ट्ठ' होतो. पण 'स्थाणु' म्हणजे खुंट, त्याचं प्राकृतात 'खाणु' होतं, आणि त्यासाठी प्राकृताचा जुना वैयाकरण वररुची यानं खास सूत्र केलंय: 'स्थाणावहरे'. अर्थ शंकर नसेल तेव्हाच! खुंट असेल तर खाणु, महादेव असेल तर थाणु. व्याकरणातही देवाला वेगळी वागणूक. इतकं गोड सूत्र हाताशी असताना मी 'दुःस्थ'ची बाजू सोडणार नाही. तुम्ही म्हणाल, हा अपवाद झाला. असू दे.

सूत्रावरून साइम आठवला. तुमच्या गटातल्या किती जणांना साइम आठवतो, ते विचारा. कॅन्टीनमध्ये विन्स्टनसमोर बसून नवभाषेच्या, म्हणजे सरकारनं शब्द छाटून बनवलेल्या 'न्यूस्पीक'च्या, कोशाच्या अकराव्या आवृत्तीबद्दल उत्साहानं बोलणारा कोशकार, जो पुढे गायब होतो. त्याचं म्हणणं असं, की 'अनगुड' असताना 'बॅड' हवा कशाला? मराठीत बोलायचं तर 'अचांगलं' असताना 'वाईट' कशाला. पण 'अ' आणि 'दुर्' एक नाहीत. अलभ्य वस्तू मिळतच नाही, दुर्लभ मिळते पण जीव काढते. अगम्य जागी पोचताच येत नाही, दुर्गम जागी पोचता येतं, फक्त पोटऱ्या भरून येतात. आपले किल्ले 'दुर्ग' आहेत ते त्यामुळेच. आता साइमच्या कोशातून 'दुर्' खोडा आणि 'अ' ठेवा. अस्थान उरेल, दुःस्थान म्हणायला उपसर्गच उरणार नाही. त्या राज्यात युटोपिया म्हणता येतो, डिस्टोपिया म्हणता येत नाही. कादंबरीच्या शेवटी नवभाषेवर एक जोडपत्र आहे. ते व्याकरण म्हणून सोडून द्यायची वाचनगटांची पद्धत आहे. तुम्ही सोडू नका.

हां, 'बिग ब्रदर' राहिला. 'थोरला भाऊ' वाटणीच्या कागदावर शोभतो. 'थोरले' म्हटलं की बाजीराव येतात. दादा म्हणा. राखी बांधून घेतो तो दादा आणि नाक्यावर हप्ता गोळा करतो तोही दादाच. त्याला 'गिरी' लावलं की काय होतं ते सांगायला नको. फक्त आदरार्थी रूप सांभाळून वापरा. भिंतीवरच्या पोस्टरवर 'दादा बघतायत' असं हवं, कारण पोस्टर सरकारी आहे. शेवटच्या वाक्यात, विन्स्टनचं प्रेम बसतं तिथे, 'दादांवर' लिहू नका. 'दादावर' लिहा.