ड्रॅगन आला गं, वायफाय गेले
वाचकांचे प्रश्न : विडंबनगीतांचे व्हिडिओ

प्रश्न : आम्ही परभणीच्या पाच जणी. व्हिडिओ गेम, सुपरहिरो, वेबसिरीजचं वेड यांवर विनोदी गाणी करतो. पहिलं गाणं एका गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर बांधलं, कराओके ट्रॅक नेटवरून घेतला. यूट्यूबवर टाकल्याबरोबर कॉपीराइटचा दावा आला. शब्द तर सगळे आमचे! अमेरिकेतल्या टीम युनिकॉर्न या गटाच्या मुलींनी गायिका कॅटी पेरीच्या गाण्यावर असंच केलं होतं ना?

उत्तर : शब्द तुमचे, पण चाल संगीतकाराची आणि ट्रॅक ज्याने ध्वनिमुद्रित केला त्याचा. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ध्वनिमुद्रण ओळखतेच, शिवाय नुसती चालही पकडते. म्हणून घरच्या पेटीवर पुन्हा वाजवलं तरी सुटाल याची खात्री नाही. दावा आणि स्ट्राइक (चॅनलवर लागणारी नियमभंगाची नोंद) यांची मात्र गल्लत करू नका. दाव्यात बहुतेक वेळा व्हिडिओ चालू राहतो, जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. स्ट्राइक ९० दिवसांत तीन आले तर चॅनलच बंद होऊ शकतं. दाव्यावर हरकत घेता येते आणि समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. पण बाजू लंगडी असताना उगाच हरकत घेतली, की दाव्याचा स्ट्राइक होण्याची भीती असते.

टीम युनिकॉर्नचं २०१० सालचं विडंबन अमेरिकेतलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच म्हटलं, की पैसे मिळवण्यासाठी केलेलं विडंबनही ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे परवानगीशिवायच्या रास्त वापरात, बसू शकतं. पण तिथेही मेख आहे. मूळ गाण्याचीच टर उडवली तर बाजू भक्कम. गेम खेळणाऱ्यांची टर उडवायला दुसऱ्याची चाल उसनी घेतली तर कच्ची. आपल्या १९५७ च्या कायद्यातल्या कलम ५२ मध्ये टीका-समीक्षेला मुभा आहे, ‘विडंबन’ हा शब्दच नाही. कव्हर गाण्यासाठी कलम ३१-सी आहे, पण ते शब्द बदलू देत नाही. तेव्हा लेखी परवानगी काढा, नाहीतर चाल स्वतःची करा.

आमचा कौल दुसऱ्या वाटेला. पैठणच्या एकनाथांच्या प्रदेशात बसून चालींचा दुष्काळ का पडावा? ओवी, भारूड, अभंग हे प्रकार कुणाच्या मालकीचे नाहीत. एखाद्या संगीतकाराने अभंगाला लावलेली गाजलेली चाल मात्र त्याची, ती टाळा. मोठ्या अभंगाचा हिशोब सोपा आहे : सहा, सहा, सहा, चार अक्षरं, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं.

ड्रॅगन आला गं । वायफाय गेले ।
सारे गाव मेले । बफरिंगी ॥

जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे ‘ड्रॅगन’ तीन अक्षरी. गेमचे इंग्रजी शब्द शेवटच्या चार अक्षरांत आले की टाळी पडते, सुरुवातीलाच त्यांची रांग लागली की ऐकणारा तिथेच अडखळतो. आणि ज्या आजीला ड्रॅगन ठाऊक नाही तिलाही वायफाय गेल्याचं दुःख कळलं पाहिजे. नुसती गेममधली नावं ओळीने म्हणणं हा विनोद नव्हे, ती हजेरी झाली. बोलीही कामाला येते : ‘करते आहे’ पाच अक्षरं खातं, आपलं ‘करायली’ चारच.

प्रश्न : ओठ आणि गाणं जुळत नाही. सुरुवातीला बरोबर असतं, दुसऱ्या कडव्यापर्यंत मागे पडतं. (हिंगोली)

उत्तर : हळूहळू मागे पडतंय म्हणजे दोष बहुधा मोबाइलचा. उजेड कमी झाला किंवा फोन तापला, की तो सेकंदाला ठरलेल्या फ्रेम (चित्रं) काढत नाही, आणि संपादनाचं सॉफ्टवेअर गोंधळतं. फ्रेम रेट पक्का ठेवणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा : २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटचे पट्टेही त्याने जातात. आधीच काढलेलं चित्रण हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून बदलून घ्या, मगच कापाकापी करा.

पहिल्या अक्षरापासूनच सारखंच मागे असेल तर कारण वेगळं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि एक फ्रेम सेकंदाचा पंचविसावा भाग. शेताच्या त्या टोकाला बाया आणि स्पीकर कॅमेऱ्यापाशी, अंतर चाळीस मीटर, तर त्यांना गाणं तीन फ्रेम उशिरा ऐकू जातं. स्पीकर त्यांच्या पायाशी, चौकटीबाहेर ठेवा. गाण्याच्या ट्रॅकमध्ये सुरुवातीला चार टिचक्या भरा, कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा आणि ती फोनजवळ वाजू द्या, म्हणजे जुळवायला खूण मिळते. ओठ मात्र खरंच गाऊन हलवा. पुटपुटलं तर गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि खोटेपणा लगेच दिसतो.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर ५० फ्रेमने चित्रण करा आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा. एका ओळीपुरतंच, पूर्ण कडवं कुणाला झेपत नाही.

प्रश्न : चिलखत फोमचं केलं, एप्रिलच्या शूटिंगला खांदे उघडले. (लातूर)

उत्तर : ग्लू गनने चिकटवलं असणार. तो गोंद उष्णतेनेच वितळतो. बंद गाडीत ठेवलेलं चिलखत आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही. ईव्हीए फोमच्या शीटला (छातीला १० मिमी, हाताला ५ मिमी) रबर बेस्ड गोंद लावा : दोन्ही कडांना पातळ थर, १० ते १५ मिनिटं वाळू द्या, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. ओला असताना दाबला की सांधा सरकतो, हीच चूक सर्रास होते. थर्माकोलला हा गोंद लावू नका, तो त्याला खाऊन टाकतो. रंगवण्याआधी हीट गनने पृष्ठभाग बंद करा, नाहीतर फोम रंग पितो.

प्रश्न : मागचं दृश्य बदलायच्या पडद्यासाठी हिरवं कापड घेतलं, तर हातच गायब झाले! (जालना)

उत्तर : हिरव्या बांगड्या, दुसरं काय. सॉफ्टवेअर हिरवं ते सगळं पुसतं. चुडा काढायचा नसेल तर निळं कापड घ्या आणि निळी साडी टाळा. कापडापासून निदान सहा-सात फूट पुढे उभ्या राहा, म्हणजे त्याचा रंग गालावर उतरत नाही. हिमरू कापडासारखी बारीक नक्षी आणि जरीकाम कॅमेऱ्यात झिरझिरतं, ते टाळलेलं बरं.

प्रश्न : देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत (काळोख्या वाटेत) गेममधल्या भुयाराचा सीन करता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जागा अगदी नेमकी आहे, पण किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. आधी रीतसर परवानगी काढा. ती मिळेपर्यंत घरातल्या जिन्याखाली काळी चादर आणि एक टॉर्च लावून तालीम करा. कधी कधी तोच शॉट चांगला निघतो.