'बिफोर टू डेज' चूक आणि 'टू डेज अगो' बरोबर, असं का?

'पूर्वी'साठी इंग्रजीत अगो आणि बिफोर असे दोन शब्द आहेत, मग 'आय मेट हिम बिफोर टू डेज' हे वाक्य चूक का, असं तुम्ही विचारलंय. मराठी माणूस इथे हमखास अडतो, कारण आपला 'पूर्वी' दोन्ही कामं एकटाच करतो. शाळा संपेपर्यंत मीही असंच लिहायचो.

अगोची मोजणी 'आत्ता'पासून सुरू होते. आपण बोलतोय त्या क्षणापासून किती मागे, एवढंच तो सांगतो. म्हणून त्याच्या आधी काळाचं माप हवंच: 'टू डेज अगो', 'अ लाँग टाइम अगो', गेला बाजार 'लाँग अगो' तरी. नुसतं 'आय मेट हिम अगो' होत नाही. तो मापाच्या नंतर का येतो, हे त्याच्या मुळात दडलंय आणि मला ते फार आवडतं. 'निघून जाणे' अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदापासून तो आला. म्हणजे मूळ अर्थ 'गेलेला'. 'टू डेज अगो' म्हणजे 'त्याला दोन दिवस गेले'. आपण 'त्याला भेटून दोन दिवस झाले' म्हणतो, जवळजवळ तसंच. एवढं लक्षात आलं की शब्दांचा क्रम पाठ करावा लागत नाही.

बिफोर मात्र भूतकाळातल्याच एखाद्या क्षणापासून मागे मोजतो. समजा, तुम्ही 2015 मध्ये मित्राच्या घरी गेलात आणि कळलं, तो 2013 मध्येच तिथून गेला. तर 'ही हॅड लेफ्ट टू इयर्स बिफोर'. इथे अगो वापरलात तर ऐकणारा आजच्या तारखेतून दोन वर्षं वजा करेल. आणि बघा, माप इथेही आधीच आलं. बिफोर पुढे आला, की त्याच्यामागून एखादी घटना किंवा ठरावीक वेळ यावी लागते: 'बिफोर लंच', 'बिफोर 2015', 'बिफोर ही लेफ्ट'. 'दोन दिवस' ही ना घटना, ना ठरावीक वेळ. म्हणून 'बिफोर टू डेज' जमत नाही.

दुसरी चूक हॅवची. 'दोन दिवसांपूर्वीच पाहिलंय त्याला' हे मराठीत सहज खपतं, म्हणून आपण 'आय हॅव सीन हिम टू डेज अगो' म्हणून जातो. अगोने घटना कधीची ते पक्कं केलेलं असतं, तेव्हा साधा भूतकाळच घ्यायचा: 'आय सॉ हिम टू डेज अगो'. मापाशिवायचा बिफोर मात्र हॅवशी छान जुळतो: 'आय हॅव सीन हिम बिफोर', म्हणजे याआधी कधीतरी पाहिलंय, कधी ते महत्त्वाचं नाही.

दुसऱ्याचं बोलणं बऱ्याच दिवसांनी सांगतानाही हाच नियम. तो म्हणाला होता, 'आय मेट हर अ वीक अगो'. त्याचा आठवडा तेव्हाचा होता, म्हणून आज सांगताना 'ही सेड ही हॅड मेट हर अ वीक बिफोर'.