शुगरच्या गोळ्या: भाव कसा ताडून बघायचा?

प्रश्न: सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घेतो. दहा गोळ्यांना दोनशेच्या वर जातात. सरकारी जनऔषधी दुकानात पासष्टची मिळते म्हणे. इतक्या स्वस्तात काहीतरी कमी असणारच ना?

शंका येणं साहजिक आहे, पण हा फरक मुख्यतः पेटंटचा, म्हणजे औषध बनवण्याच्या एकाच कंपनीच्या हक्काचा आहे. सिटाग्लिप्टिनचं पेटंट आपल्याकडे जुलै 2022 मध्ये संपलं. सप्टेंबरात जनऔषधीने 50/500 ची (सिटाग्लिप्टिन 50, मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम) दहा गोळ्यांची स्ट्रिप 65 रुपयांना आणली. तेव्हा ब्रँडेड गोळ्या 160 ते 260 च्या आसपास होत्या. जनऔषधीची प्रत्येक बॅच एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात येते. मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्याच दुसऱ्या औषधाचं पेटंट संपलं, तेव्हा साठेक रुपयांना पडणारी एक गोळी काही कंपन्यांनी दहाच्या आत आणली. त्यामुळे जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षं तशीच चालवू नका. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा, यातलं काही आता स्वस्त झालंय का. गोळी बदलण्याआधी उपाशीपोटीची शुगर बघा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा आणि तीन महिन्यांनी एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी चाचणी) करा. म्हणजे मनातली शंका आकड्यांनीच मिटेल.

प्रश्न: एक मेडिकलवाले 70 टक्के सूट देतात, आमचे नेहमीचे दहाच टक्के. दुकान बदलावं का?

सूट बघू नका, एक गोळी कितीला पडली ते बघा. समजा, एकाच औषधाची 150 छापलेली दहा गोळ्यांची स्ट्रिप 70 टक्के सुटीने 45 ला मिळाली आणि 30 छापलेली दहा टक्क्यांनी 27 ला. स्वस्त दुसरीच. स्ट्रिप कधी दहाची असते, कधी पंधराची. म्हणून भागाकार केल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न: चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी त्याच औषधाची स्वस्त गोळी मागितली तर दुकानदार देत नाही.

त्याच्यावर रागावू नका. चिठ्ठीवर लिहिलेलं शेड्यूल एचमधलं (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या यादीतलं) औषध परस्पर बदलायला नियमाने मनाई आहे. डॉक्टरांनाच घटकाचं नाव लिहून द्यायला सांगा.

आणि स्ट्रिप उलटी करून वाचायची सवय लावा. मागे एक काकू चक्कर येते म्हणून आमच्या काउंटरवर आल्या. पिशवीत दोन स्ट्रिपा, एक पांढरी, एक चंदेरी. नावं वेगळी, पण दोन्हींच्या पाठीवर ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन 500. स्वस्त गोळी सुरू झाली, जुनी मात्र बंद करायला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दोन्ही घेत होत्या. ग्लिमेपिराइड दुप्पट झालं की शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून नवी गोळी घरात आली की जुनी त्याच दिवशी बाजूला काढा. एसआर किंवा ईआर लिहिलं असेल तर बदलीची गोळीही तशीच हवी; ती हळूहळू विरघळते, चुरून घेऊ नये. आणि सुटी गोळी कापून घेताना नावाचा, तारखेचा कोपरा आपल्याकडेच राहील असं बघा.

प्रश्न: इन्सुलिनची बाटली स्वस्त की पेन?

युनिटवर हिशोब करा. 40 च्या (एका मिलिलिटरला 40 युनिट) 10 मिलिलिटर बाटलीत 400 युनिट असतात, पेनच्या 100 च्या 3 मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये 300. बहुतेक वेळा बाटलीच स्वस्त पडते. पण बाटलीत ह्युमन (शरीरातल्यासारखंच) आणि पेनात रचना थोडी बदललेलं अ‍ॅनालॉग इन्सुलिन असेल तर ती दोन वेगळी औषधं आहेत, डॉक्टरांशिवाय अदलाबदल नको. सिरिंजही जुळवून घ्या: लाल टोपण 40 ला, नारिंगी 100 ला. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट डोस जातो.